शेल्टरमधलं सरबत

आंग मो किओ, सिंगापूर
२ ऑगस्ट २००९

ती. आक्कास,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला इथे बोलता येत नाही. फ्लॅट एवढासा की मी खोलीत शिंकले तर नीलिमा स्वयंपाकघरातून 'टेक केअर' म्हणते. तेव्हा आपला पत्रांचाच मार्ग बरा.

मी मजेत आहे. सारंगची कंपनी इथेच, बसने दहा मिनिटांवर. नीलिमा मात्र सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या लोकलने, तांजोंग पगारला जाते ती दिवेलागणीला येते. दिवसभर मी आणि आर्या. मी तिला मराठीत रागावते, ती मला इंग्रजीत समजावते. नात माझीच आहे, पण इथल्यासारखं शेवटी 'लाह' लावून बोलली की दुकानातली काकूच बोलतेय असं वाटतं.

आता तुझ्या काळजीचं. तुझा प्रबोध तब्येतीने बरा आहे. बोटीवरची नोकरी सोडून शिपयार्डात लागला ते फार चांगलं झालं. कंपनीची बस नेते, आणते. जेवतो, ताट उचलतो, आर्याला गणितं घालतो. तन्वीने माहेरून त्याला दारू सोडल्याचं दाखवायला या दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे, तोवर बोलणार नाही, आणि निकाल तुझ्याच तोंडून ऐकणार म्हणते. म्हणजे परीक्षा त्याची, पेपर तपासणार तू आणि वर्गात फिरणारी मी! तू सांगितलंस तसं करते आहे. संध्याकाळी तो घरात शिरला की वाडीच्या अंगाऱ्याची डबी घेऊन पुढे होते, कपाळाला बोट लावते आणि तेवढ्यात श्वास ओढून घेते. संशय नको म्हणून सारंगलाही लावते. त्यामुळे मी अचानक फार धार्मिक झाल्याची घरात चर्चा आहे.

प्रबोधच्या तोंडाला दारूचा वास अजून एकदाही आला नाही. लवंगेचा मात्र येतो, कधी कधी.

आणखी एक. इथे प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये एक जाड भिंतींची, पोलादी दाराची खोली असते. लढाई झालीच तर लपायला. लोक तिच्यात बॅगा आणि पंखे ठेवतात. सारंगच्या त्या शेल्टरला महिनाभर सायकलचं कुलूप आहे. विचारलं तर म्हणाला, आत झुरळांचं औषध आहे, आर्याचा हात जायला नको. दाराला कान लावला तर आतून बुडबुड असा आवाज येतो. झुरळांचं औषध बुडबुडतं का गं? आणि माझी गोधडी सापडत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. नजर ठेवून आहे.

तुझा लोभ आहे म्हणून इतकं लिहिते, तो असाच राहू दे.
तुझी,
कुमुद


सातारा
१४ ऑगस्ट २००९

चि. कुमुदला,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोधडीचं राहू दे, लवंगेचं सांगते ते नीट वाच. तुझ्या दाजींच्या खिशात लवंगेची डबी कायम असायची. लोक म्हणत, उल्हासराव किती स्वच्छ, तोंडाला कसा सुवास येतो! कपडे धुताना खिसे उपसायची मी, म्हणून मला माहीत तो सुवास कशासाठी होता. प्रबोधने बापाची डबी बघितलेली आहे.

दुधाने तोंड पोळलेलं माणूस आहे मी. मी ताक फुंकून पिते म्हणून तू मला हसू नकोस.

आता मी सांगते तसं कर. पिणारा माणूस बाटली लपवतो, पण रिकामी बाटली लपवायला त्याला जागा सापडत नाही, तिथेच तो सापडतो. हे गव्हाच्या डब्यात ठेवत, पाण्याच्या टाकीत सोडत, एकदा तर माझ्या शिवणाच्या मशिनीखाली होती. रिकाम्या बाटल्या शोध. आणि शेल्टर का काय ते, तिथे सारंगचं काय आहे याच्यावर जाऊ नकोस, तिथे प्रबोधचं काय आहे ते बघ. भावाभावांत एकमेकांची पाठराखण असते. सारंग मऊ आहे. त्याला कोणी गळ घातली की तो कुलूपही आणून देईल.

तन्वीचं पत्र आलं होतं. लेक क्षिप्रा आता पहिलीत जाईल, तिला शाळेत कुठे घालायचं ते दिवाळीला ठरवायचं म्हणते. कराडला की सिंगापूरला, एवढंच लिहिलं आहे पोरीने, पण ते वाचून मला दोन घास गेले नाहीत. माझा मुलगा सुधारला असेल तर त्याचं घर उभं राहील. नसेल सुधारला तर मी त्या पोरीला पुन्हा त्यात ढकलणार नाही, माझा स्वतःचा मुलगा असला तरी.

आर्याला गोड पापा. नीलिमाला आशीर्वाद.
मोठ्या बहिणीची आठवण आणि माया तुझ्याजवळ आहे असं समजून वाग.
आक्का


आंग मो किओ
२७ ऑगस्ट २००९

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गणपती छान झाले. मखर थर्मोकोलचं, मोदक मी केले, आरतीला खालच्या मजल्यावरचं तमिळ कुटुंबही आलं होतं. पण माझं चित्त देवात नव्हतं हे देवालाही कळलं असेल.

रिकाम्या बाटल्या तुझं पत्र यायच्या आधीच सापडल्या. एकदोन नव्हेत, सिंकखालच्या कपाटात पोतंभर! तपकिरी, मोठ्या, बिअरच्या. इथे आमच्या ब्लॉकखाली कॉफी शॉप आहे, तिथे म्हातारे दुपारपासून ग्लासात बर्फ घालून हीच बिअर पीत बसतात. मी सारंगला विचारलं. तो म्हणाला, आर्याच्या शाळेत टाकाऊतून टिकाऊचा प्रोजेक्ट आहे. आर्याला विचारलं. तिला प्रोजेक्टचं काही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बाटल्या बाथरूममध्ये बादलीत बुडवून ठेवलेल्या, लेबलं सुटून वर तरंगतायत. मी काही न बोलता माझे कपडे परत घेऊन आले. कॉफी शॉपमधली चिनी काकू तर सारंगला लांबूनच हात करते. ओळख कशाची ते मी काय सांगू?

म्हणून आधी मला वाटलं, माझाच मुलगा. रात्रभर उशी ओली केली. पण अंगारा लावताना त्याच्या तोंडाला वास नाही. हातांना मात्र आंबूस वास येतो, शिळ्या पावासारखा.

मग बघ काय झालं. पंधरा तारखेला शनिवारी सारंग मोठ्या पातेल्यात साखरेचं पाणी उकळत होता. काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, सरबत. बाहेर फोन वाजला म्हणून तो गेला. मी चमच्याने चाखलं तर अगदीच अगोड. असलं सरबत आपल्या घरात पाहुण्याला दिलं असतं तर नाव गेलं असतं. मी आपली सवयीने डब्यातली साखर दोन वेळा ओंजळभर घातली, ढवळलं आणि बाजूला झाले. ते सरबत मात्र कोणाच्या पानात आलं नाही. पातेलं घेऊन तो शेल्टरमध्ये गेला, दार लावलं, आणि आतून तासभर खटखट आवाज.

आता खरी गोष्ट. लिहू की नको असं झालं होतं. मंगळवारी दुपारी प्रबोध लवकर घरी आला होता. मी झोपले आहे असं त्याला वाटलं असणार. पाणी प्यायला उठले तर तो शेल्टरच्या दारापाशी उभा. दाराच्या फटीला नाक लावून, डोळे मिटून. आक्का, देवापुढे उभं राहावं तसा उभा होता गं. मला बघून चपापला, खिशातून लवंग काढून तोंडात टाकली आणि खोलीत निघून गेला.

आत काय आहे ते मला अजून माहीत नाही. पण त्याला माहीत आहे.

तुझ्या मायेवरच हे लिहायचं बळ आलं, ती पाठीशी असू दे.
कुमुद


सातारा
८ सप्टेंबर २००९

चि. कुमुदला,
अनेक आशीर्वाद.

पितृपंधरवडा चालू आहे. यांचं पान वाढलं, कावळा पटकन शिवला. जिवंतपणी कधी वेळेवर जेवले नाहीत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. फटीला नाक लावून उभा, एवढं वाक्य मला पुरलं. तरी मी तुला म्हणते, अजून तू त्याला पिताना बघितलेलं नाहीस. तेव्हा आपण निवाडा करायचा नाही. पण डोळे उघडे ठेव. आत काय आहे ते शोधून काढ. सारंगकडून किल्ली माग, आई आहेस, लाजतेस कसली?

मी नवरात्रात कराडला जाणार आहे. तन्वीच्या आईने बोलावलं आहे, आणि शाळेचे अर्ज त्याच सुमाराला भरायचे आहेत म्हणून तन्वीला तेव्हाच उत्तर हवं आहे, दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही. मागच्या भेटीत तिने मला काय म्हटलं ते तुला सांगून ठेवते. ती म्हणाली, आई, त्यांचे मित्र सांगतील ते मी मानणार नाही, ते स्वतः सांगतील तेही नाही, तुम्ही सांगाल ते मानीन. हे सांगताना पोरगी माझ्याकडे अशी बघत होती की मला माझ्या जिभेचं ओझं झालं.

मला एका शब्दाचं पत्र पाठव. पितो की नाही. जे असेल ते मी तिला सांगेन.

कुशल कळवत जा, त्यातच माझा जीव आहे.
आक्का


आंग मो किओ
१३ सप्टेंबर २००९

ती. आक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण वाट बघत बसण्यासारखं राहिलं नाही.

काल शनिवारी सारंग आणि नीलिमा आम्हाला ईस्ट कोस्टला घेऊन गेले. समुद्राकाठी आर्याने सायकल चालवली, सगळ्यांनी साते खाल्लं, म्हणजे हॉकरच्या टपरीवरचं ते काड्यांना लावलेलं मांस, मी नव्हे, मी भुट्टा खाल्ला. प्रबोध डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबला. सारंग-नीलिमा खाली भाजी घ्यायला थांबले आणि मी आर्याला घेऊन वर आले. दार उघडलं आणि तो वास! साऱ्या घरात बिअर. शेल्टरचं पोलादी दार सताड उघडं, फरशीवर फेस, आणि बाथरूमच्या दारात प्रबोध. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, केस चिकटलेले, हातात उघडी बाटली. पायाशी आणखी रिकाम्या. मला बघून म्हणाला, मावशी, आर्याला आत आणू नकोस.

मी आर्याचा हात धरून लिफ्टने खाली आले आणि जिथे कोणी ओळखीचं नाही अशा बाकावर बसून रडले. अंगारा लावायला आता त्याच्याजवळ जावं लागत नाही, लिफ्टपर्यंत वास येतो.

सारंग मला काहीतरी समजावत होता, मी ऐकून घेतलं नाही. ही पाठराखण पुरे झाली. सकाळी उठून पहिलं काम हे पत्र.

मला क्षमा कर. तुझी काळजी खरी ठरली.
कुमुद


आंग मो किओ
१६ सप्टेंबर २००९

ती. स्व. आक्कामावशीस,
सारंगचा सा. न. वि. वि.

तुला मी पत्र लिहिलं त्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही, त्यामुळे अक्षर लावून वाच. आईने रविवारी तुला एक पत्र टाकलं आहे. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. तुझ्या शेजारच्या अरुणाताईंना फोन लावून बघितला, त्या मुलीकडे गेल्यात असं कळलं. तन्वीला थेट फोन करतो म्हटलं, तर प्रबोधने हात धरला. ठरलं आहे ते ठरलं आहे, आई सांगेल ते, असं म्हणाला. म्हणून तुला लिहितो.

मावशी, बिअर माझी होती. विकत घेतलेली नाही, मी घरात बनवलेली. हसू नकोस. यंदा कंपनीत मंदीमुळे कामाचे दिवस कमी केले आहेत, घरी बसून डोकं फिरायला लागलं होतं. ऑफिसमधला एक जण घरी बिअर बनवतो, त्याने डबा आणि यीस्ट दिलं. घरच्यापुरती करायला इथे सरकारची मनाई नाही. बादलीत माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं, पाणी आणि यीस्ट घालायचं, ते आंबतं, आपल्या इडलीच्या पिठासारखंच; दोन आठवड्यांचं काम, पण बाटल्या जमेपर्यंत मी दीड महिना ठेवलं. म्हणून ती बुडबुड. इथला उकाडा यीस्टला सोसत नाही म्हणून बादलीभोवती ओलं कापड आणि आईची गोधडी. मग ते बाटल्यांत भरताना मोजून थोडी साखर घालायची म्हणजे बाटलीत गॅस धरतो, आणि वर पत्र्याची टोपणं दाबून बसवायची. ती खटखट. रिकाम्या बाटल्या कॉफी शॉपच्या काकूने दिल्या. मी एक थेंब तयार करायच्या आधी आईने मला पोतंभर बाटल्यांचा दारुडा ठरवलं होतं, हे आत्ता कळतंय.

कुलूप का, तर प्रबोधसाठी. तो आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं तेव्हा बादली आधीच लागलेली होती. टाकून द्यायला जीव झाला नाही, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचीही हिंमत नव्हती. मला वाटलं, त्याला कळणार नाही. आईला खरं सांगितलं असतं तर ती त्याच्यासमोर बोलली असती, म्हणून तिलाही सरबत सांगितलं. आणि तिने सरबत गोड केलं! हे तिने काल कबूल केलं, तेव्हा नीलिमा हसून हसून खाली बसली. मी मोजून घातलेल्या साखरेवर आईच्या दोन ओंजळी. महिनाभर बाटल्यांत गॅस वाढत राहिला.

शनिवारी प्रबोध एकटा घरी असताना त्या फुटायला लागल्या. एक फुटली, थोड्या वेळाने दुसरी. कुलपाचा नंबर आर्याचा वाढदिवस आहे हे त्याने ओळखलं. आम्ही आर्याला घेऊन कधीही परत येऊ आणि उरलेल्या तिच्या अंगावर फुटतील म्हणून त्याने यार्डातलं हेल्मेट, चष्मा आणि हातमोजे घातले, एकेक बाटली उचलून बाथरूममध्ये नेली, टोपण उघडलं आणि ओतून दिली. टोपण काढताच आतली बिअर छतापर्यंत उडत होती. सगळी बॅच, मावशी. त्या वेळी घरात दुसरं कोणी नव्हतं. आई पोचली तेव्हा हेल्मेट काढून तो शेवटच्या बाटल्या रिकाम्या करत होता.

त्याने घोटभर घेतली का, हे मी विचारलं नाही. मला विचारायचं नाही. काच लागून तो उजव्या हाताच्या अंगठ्याला चार टाके घालून आला आहे.

मी बनवायला नको होती असं तू म्हणशील, ते बरोबर आहे. रागाव, पण रागावूनही ममता असू दे.
तुझा,
सारंग

ता. क. आईला तिची गोधडी परत दिली आहे. तिला आता ती नको आहे.


सातारा
२५ सप्टेंबर २००९

चि. कुमुदला,
अनेक आशीर्वाद. चि. सारंगलाही, कान पिळून.

तुझं पत्र सोमवारी मिळालं आणि मंगळवारी मी कराडला गेले. सारंगचं पत्र काल आलं. मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

गाडीत बसले तेव्हा मनाशी ठरवून बसले होते. खरं सांगायचं, तन्वीच्या हातावर हात ठेवायचा आणि परत यायचं. तिथे गेले तर घट बसलेले, क्षिप्रा घटाला पाणी घालत होती. मला बघून धावत आली आणि विचारलं, बाबांनी काय पाठवलं? मग चहा झाला. तन्वी समोर बसली आणि म्हणाली, आई, सांगा. कुमुद, माझ्या पर्समध्ये तुझं पत्र होतं. आणि मी म्हणाले, नाही, शिवलासुद्धा नाही. तिने विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, नक्की.

परतीच्या गाडीत माझी मला शिसारी आली. सासऱ्यांना, ऑफिसला, वाण्याला यांच्याबद्दल खोटं सांगता सांगता माझे केस पांढरे झाले आणि आता लेकासाठी सुरुवात. दोन रात्री झोपले नाही. तन्वीला पत्र लिहायला घ्यायचे आणि फाडायचे.

आणि काल सारंगचं पत्र! वाचलं आणि देवापुढे नारळच फोडला. खोटं बोलले ते खरं निघालं. अशी लाज देवाने आजवर कोणाची राखली नसेल. तन्वी कराडच्या शाळेचा अर्ज भरणार नाही म्हणाली आहे. आता तोंड बंद ठेवायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रबोधला हे सगळं सांग, हसेल तरी.

तुझ्या साखरेबद्दल काय बोलू? दुसऱ्याच्या पातेल्यात हात घालायची सवय लहानपणापासूनची आहे तुझी. आता तरी सोड. आणि त्याच्या कपाळाला अंगारा लावणंही बंद कर, बिचाऱ्याला पुरे झालं.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो तुमच्याकडूनही आटू देऊ नका.
आक्का


आंग मो किओ
५ ऑक्टोबर २००९

ती. आईस,
प्रबोधचा शि. सा. न. वि. वि.

अंगठा बरा झाला आहे, लिहिता येतंय.

कुमुदमावशीने तुझं पत्र वाचून दाखवलं. ती हसत होती, सारंगही हसला. मी हसलो नाही म्हणून मावशी घाबरली. तिला म्हटलं, मी आईला लिहितो.

आधी माझं सांगतो. मावशी अंगारा का लावते ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिची उंची पुरत नाही म्हणून मी वाकायचो. राग आला नाही, खोटं सांगत नाही. घरी पोचल्यावर कोणीतरी तपासणार आहे हे माहीत असलं की कॉफी शॉपवरून सरळ चालत येता येतं. शेल्टरमध्ये काय आहे तेही पहिल्या संध्याकाळी कळलं. तो वास मला नाही कळणार तर कोणाला कळणार? सारंगने इतकं जिवापाड लपवलं होतं की मला कळलं आहे हे सांगायला मला संकोच वाटला. आणि दारापाशी मी उभा होतो हे खरं आहे. वास घ्यायलाच उभा होतो, हेही खरं. एकदा नाही. जीव फार ओढ घ्यायला लागला की लवंग दाताखाली धरतो, जिभेला चटका बसतो. शनिवारी बाटल्या ओतत होतो. तोंडावर उडाली ती हेल्मेटच्या आत ओठांपर्यंत आली. मी थुंकून टाकली आणि पुढची बाटली उचलली. सारंगने विचारलं नाही म्हणून तुला सांगतो.

आता तुझं. तुझ्या पर्समध्ये मावशीचं पत्र होतं. त्या घटकेला तुला ठाम वाटत होतं की मी प्यायलो आहे. तरी तू तन्वीला नक्की म्हणालीस. आई, बाबांच्या ऑफिसातून माणूस आला की दारात तू असंच सांगायचीस, त्यांना ताप आहे. मी तुझ्या पदराला धरून उभा असायचो. बाबा आत पडून ते ऐकायचे. तू सांभाळून घेशील हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मला ते पक्कं माहीत व्हायला नको आहे. उद्या मी खरंच प्यायलो तर तन्वी कोणाला विचारणार? तुझ्या शब्दावर ती पोरीला घेऊन समुद्रापार येणार. तो शब्द तू माझ्यासाठी मोडलास, आणि मी प्यायलो नव्हतो हा नुसता योगायोग.

म्हणून माझं एक कर. पुन्हा कराडला जा. तिला सगळं सांग. मावशीने काय लिहिलं, तू काय सांगितलंस, मी दारापाशी उभा राहतो, बाटल्या ओतताना ती ओठांपर्यंत आली, सगळं. ती आली नाही तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी सोसेन. तू खोटं सांगून आणलेली तन्वी मला इथे नको.

हे लिहिताना तुझ्यावर राग नाही. फार माया आहे, म्हणून लिहितो.
तुझा,
प्रबोध


सातारा
१३ ऑक्टोबर २००९

चि. कुमुदला,
अनेक आशीर्वाद.

प्रबोधचं पत्र आलं. वाचून आधी रागच आला. मनात म्हटलं, याच्यासाठी मी जिभेला डाग लावून घेतला आणि हा मलाच शिकवतो. पत्र पोथीखाली ठेवलं आणि दोन दिवस तिकडे बघितलं नाही. फराळाची भाजणी भाजून घेतली. भाजता भाजता ती करपली, तेव्हा समजलं की आता जायला हवं.

काल गेले. चहा नको म्हटलं, आधी बोलू दे. तन्वीच्या आईसमोरच सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. मी खोटं बोलले हे सांगताना मान वर होईना. तो दारापाशी उभा राहतो हेही सांगितलं. तिची आई ताडकन उठून आत गेली. तन्वीने एवढंच विचारलं, तुम्ही मला हे येऊन सांगा, असं ते म्हणाले? स्वतः?

मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. मी छत्री उचलली. म्हटलं, मी निघते पोरी, तुला जे वाटेल ते कर, माझी तक्रार नाही.

दारापर्यंत आले तेव्हा तिने मागून हाक मारली. म्हणाली, आई, कुमुदमावशींना एक विचाराल का, तिथे बारा महिने उकाडाच असतो ना? म्हणजे क्षिप्राचे स्वेटर घेत नाही.

तर तेवढं लवकर कळव. पोरगी बॅग भरायला तुझ्या उत्तरासाठी थांबली आहे. दिवाळीच्या आधी पत्र पोचणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी तुमची दिवाळी गोडच होणार.

माझं म्हातारीचं प्रेम तुम्हा सर्वांना, तेही परत पाठवायची घाई करू नका.
तुझी,
आक्का